परदेशातल्या गावांत छापील फोटो देताय? या चुका टाळा

परदेशात स्वयंसेवक म्हणून जाणाऱ्यांच्या सामानात हल्ली एखादा छोटा फोटो प्रिंटर किंवा झटपट फोटो देणारा कॅमेरा हमखास असतो. गावात जायचं, कुटुंबाचा फोटो काढायचा, तिथल्या तिथे छापून हातात द्यायचा. खर्च फार नाही आणि घेणाऱ्याला खरोखर हवी असलेली वस्तू मिळते. यात बिघडण्यासारखं काय असणार, असं वाटतं. पण बिघडतं, आणि बऱ्याचदा एकाच कारणाने. फोटो हातात पडतानाचा क्षण पाच मिनिटांचा असतो आणि सगळी तयारी त्या पाच मिनिटांची केलेली असते. तो कागद त्यानंतर कितीतरी वर्षं कुणाच्या तरी भिंतीवर किंवा पेटीत राहणार आहे, याचा विचार प्रिंटर विकत घेताना कुणी करत नाही. तो केला की खालच्या बऱ्याच चुका आपोआप गळून पडतात.

“यांच्याकडे फोटो कुठून असणार?”

ही समजूत घेऊनच बरेच जण विमानात बसतात. आज दुर्गम गावातही कुणा ना कुणाकडे कॅमेऱ्याचा फोन असतो. फोटो असतातच, छापलेले नसतात. फोन हरवतो, पाण्यात पडतो, विकला जातो, आणि त्याबरोबर तीन वर्षांतलं बाळंतपण, लग्न, मयत सगळ्यांचे फोटो जातात. म्हणजे गरज “फोटो काढून देण्या”पेक्षा “छापून देण्या”ची जास्त असू शकते. हा फरक लक्षात आला तर निम्मं काम बदलतं. त्याबद्दल पुढे येईलच.

दुसरं, त्या भागात फोटोग्राफर आधीपासून असतो. जवळच्या बाजारगावात पासपोर्ट फोटो काढणारा, लग्नाचे अल्बम करणारा कुणीतरी पोट भरत असतो. छायाचित्रणाची परंपरा आपण तिथे घेऊन चाललोय असं समजू नये. मालीची राजधानी बामाकोमध्ये सेदू केताने १९४८ साली स्टुडिओ उघडला. लोक ठेवणीतले कपडे घालून येत आणि स्टुडिओतलं घड्याळ, रेडिओ, स्कूटर यांच्यासह हवं तसं स्वतःचं रूप घडवून घेत. आज ते फोटो जगभरच्या संग्रहालयांत आहेत. तुम्ही जाताय त्या भागात असा कुणी असेल तर आधी त्याला गाठा. शक्य असेल तर त्यालाच कामाला घ्या आणि पैसे द्या. त्याला भाषा येते, माणसं माहीत असतात, आणि तुम्ही गेल्यावर तो तिथेच असणार आहे. फुकट फोटोंचा एक दिवस त्याचं महिन्याचं गिऱ्हाईक खाऊन जातो. हे बोलून दाखवायला तो तुमच्यापर्यंत येणार नाही, एवढंच.

होकार गृहीत धरणं

“भेटच देतोय, मग विचारायचं काय?” विचारायचं, कारण अनोळखी माणूस, कॅमेरा आणि नावांची यादी या तीन गोष्टी एकत्र आल्या की अनेक ठिकाणी त्याचा अर्थ भेट असा होत नाही. १९६० साली अल्जीरियात, फ्रेंच लष्करात सक्तीची सेवा बजावणाऱ्या मार्क गरांजे या तरुण छायाचित्रकाराला ओळखपत्रांसाठी गावोगावचे फोटो काढायला लावलं होतं. दहा दिवसांत सुमारे दोन हजार माणसं, त्यांत बहुतेक स्त्रिया, आणि त्यांना चेहऱ्यावरचं वस्त्र काढायला भाग पाडलेलं. त्या फोटोंतल्या नजरा आजही बघवत नाहीत. झटपट फोटोचा इतिहासही फार निर्मळ नाही. दक्षिण आफ्रिकेतल्या वर्णभेदी सरकारच्या पासबुकांसाठी, म्हणजे कृष्णवर्णीयांना सक्तीने बाळगाव्या लागणाऱ्या ओळखपुस्तिकांसाठी, पोलरॉइड या झटपट फोटोच्या कंपनीचं तंत्र वापरलं जात होतं. अमेरिकेत त्याच कंपनीत काम करणाऱ्या कॅरोलाइन हंटर आणि केन विल्यम्स यांनी १९७० साली त्याविरुद्ध आवाज उठवला, आणि १९७७ मध्ये कंपनीने दक्षिण आफ्रिकेतला व्यवहार थांबवला.

तुम्ही जाल त्या गावाला यातलं काही ठाऊक असेलच असं नाही. पण विस्थापित झालेल्या, लष्कराने किंवा बंडखोरांनी छळलेल्या, जमिनीच्या वादात अडकलेल्या माणसांना चेहरा आणि नाव एकत्र नोंदलं जाण्याची भीती वाटली तर ती वेडगळ नसते. म्हणून आधी रिकाम्या हाताने जा. कोण आहात, फोटोचं काय होणार, प्रत कुणाकडे राहणार, हे स्थानिक शिक्षक किंवा आरोग्यसेविकेच्या तोंडून सांगू द्या. गावप्रमुखाने हो म्हटलं म्हणजे घरातल्या बाईने हो म्हटलं, असं होत नाही. तिला वेगळं विचारा, शक्यतो बाईकडूनच.

परवानग्या दोन असतात आणि त्या एका दमात मागणं ही इथली सगळ्यात सर्रास चूक आहे. फोटो काढून तुम्हाला देऊ का, ही एक. तो आम्ही आमच्या कामाच्या प्रसिद्धीसाठी वापरू का, ही दुसरी. दुसरी परवानगी प्रिंट हातात दिल्यानंतर, जमलं तर दुसऱ्या दिवशी मागा. आधी मागितलीत तर घरच्यांना वाटतं की प्रिंट हवा असेल तर हो म्हणावंच लागेल. हा सौदा झाला, आणि तोही समोरच्याला भाव न सांगता केलेला. नकार आला तरी प्रिंट द्यायचा. चेहऱ्यावर नाराजीही दिसू द्यायची नाही, हे मात्र स्वयंसेवकांना आधी बजावून ठेवावं लागतं.

मुलांच्या बाबतीत नियम सोपा आहे: आईबाप किंवा पालक समोर नसतील तर कॅमेरा बंद. संयुक्त राष्ट्रांच्या १९८९च्या बालहक्क संहितेचं सोळावं कलम मुलाच्या खासगीपणाचा हक्क मान्य करतं, आणि तो हक्क मूल खुशीत पोझ देतंय म्हणून संपत नाही. शाळेच्या आवारात तीस मुलांचे भराभर फोटो काढून वाटणं दिसायला फार गोड असतं. पण कुठला कागद कुणाच्या घरी पोचला हे तुम्हाला कधी कळत नाही, आणि ज्या तीन मुलांचा राहिला ती तीन मुलं तो दिवस विसरत नाहीत.

आपल्याला आवडलेला फोटो त्यांना देणं

स्वयंसेवकाला सहज टिपलेला फोटो आवडतो. चुलीजवळ हसणारी आजी, धुळीत खेळणारं पोर, फाटका सदरा, तिरपं ऊन. घरच्यांना तोच फोटो भिंतीवर नको असतो. त्यांना सरळ उभं राहायचं असतं, धुतलेले कपडे घालायचे असतात, पाय दिसायला हवे असतात. हसायचंच असतं असंही नाही. “जरा नैसर्गिक राहा” हे वाक्य शब्दकोशातून काढून टाका. फोटो सकाळी काढायचा असेल तर आदल्या संध्याकाळी सांगा, म्हणजे कपडे, केस, दागिने, उसने बूट यांची सोय होते. कामावरून आलेल्या माणसाला तसाच उभा केला तर तो नाही म्हणणार नाही, पण तो कागद पेटीच्या तळाशी जाईल.

फोटो कुठे राहणार आहे हे आधी बघून घ्या. मंगोलियात गेर म्हणजे गोल तंबूघरांमध्ये दारासमोरच्या मानाच्या जागी पेटीवर एकाच मोठ्या फ्रेममध्ये अनेक छोटे फोटो लावलेले दिसतात. तिथे भला मोठा प्रिंट अडचण करतो. पोस्टकार्डाएवढा बरोबर बसतो. दक्षिण कोरियात स्वयंसेवक गावोगाव जाऊन वृद्धांचे औपचारिक फोटो काढून, फ्रेम करून देतात. पुढे अंत्यविधीला तोच फोटो ठेवतात, आणि हे म्हाताऱ्यांना माहीत असतं, किंबहुना त्यासाठीच ते पारंपरिक पोशाख किंवा कोट घालून येतात. तिथे बाजूने टिपलेला कलात्मक चेहरा निरुपयोगी. समोरून, छातीपर्यंत, साधी पार्श्वभूमी, नीट केस.

मृतांच्या फोटोंबाबत प्रत्येक समाजाचा शिरस्ता वेगळा आणि तो अंदाजाने कळत नाही. नायजेरियातल्या योरुबा लोकांत जुळ्यांपैकी एक मूल गेलं तर राहिलेल्याचा फोटो दोनदा छापून जुळ्यांचं चित्र पुरं करण्याची पद्धत अभ्यासकांनी नोंदवली आहे. उलट ऑस्ट्रेलियातल्या अनेक मूळनिवासी समाजांत निधन झालेल्या व्यक्तीचा फोटो काही काळ दाखवत नाहीत, आणि तिथली प्रसारमाध्यमं आधी तशी सूचना देतात. दुसऱ्या भेटीला मागच्या वर्षीचे प्रिंट घेऊन जाणार असाल तर गठ्ठा सगळ्यांसमोर उघडू नका. मधल्या काळात कोण गेलं ते आधी विचारा.

जुन्या फोटोंची नक्कल करायची राहून जाणं

सगळ्यात जास्त मागणी याची असते आणि सगळ्यात कमी तयारीही याचीच. तुम्ही कुटुंबाचा फोटो छापून दिलात की थोड्या वेळाने कुणीतरी आत जातं आणि एक वाकलेला, कोपरा खाल्लेला फोटो घेऊन येतं. वडील, किंवा शहरात गेलेला आणि पुन्हा न आलेला मुलगा. किंवा तडा गेलेल्या फोनमधला एक फोटो. “हा मोठा होईल का?” होतो. दिवसातला निम्मा वेळ आणि निम्मे कागद यासाठी राखून ठेवा, असं मी प्रत्येकाला सांगते, आणि प्रत्येक जण पहिल्या खेपेला कमीच राखतो.

पद्धत अवघड नाही. फोटो सावलीत, मोकळ्या उजेडात सपाट ठेवायचा. फ्लॅश बंद. कॅमेरा किंवा फोन फोटोच्या बरोबर समांतर, जरा वरून आणि किंचित झूम करून, म्हणजे कडा वाकत नाहीत. चकाकी येत असेल तर उजेडाच्या बाजूला तुम्ही स्वतः आडवे उभे राहा किंवा एखादं गडद कापड धरा. फोटो काचेला चिकटलेला असेल तर तो सोडवायचा प्रयत्न करू नका. दमट हवेत फोटोवरचा जिलेटिनचा थर काचेला धरून बसतो आणि ओढला की चेहरा काचेवर राहतो. काचेतूनच काढा. पुसायचा मोहही आवरा. कोरड्या मऊ ब्रशने धूळ झटकली तेवढी पुरे. ओरखडे, डाग काढून टाकण्याआधी विचारा. काहींना ते हवे असतात.

फोनमधल्या फोटोची अडचण वेगळी. मेसेजिंग ॲपमधून चार जणांकडून फिरून आलेला फोटो आकसलेला असतो. १०० बाय १४८ मिलिमीटरच्या पोस्टकार्ड प्रिंटला ३०० डीपीआयने (इंचाला ३०० ठिपके) साधारण १७५० बाय ११८० पिक्सेल लागतात. लांब बाजूला हजार-बाराशे असले तरी काम भागतं; त्याहून कमी असेल तर मोठा छापू नका, एका कागदावर दोन छोट्या प्रती छापा. ज्याने फोटो काढला त्याच्याच फोनवर मूळ फाइल आहे का, हे विचारायला पाच मिनिटं लागतात आणि फरक भलताच पडतो. फाइल घेताना ब्लूटूथने किंवा कार्ड रीडरने घ्या, पुन्हा मेसेजने नको.

कधी कधी परदेशी गेलेल्या नवऱ्याला कुटुंबाच्या फोटोत “आणून बसव” अशीही विनंती येते. जमत असेल तर करून द्या. तो खोटा फोटो होतो का, हा वाद तुमच्या घरी करा.

प्रिंटर घरच्या टेबलावर चालला म्हणून गावात चालेल, ही आशा

आता यंत्रांकडे. पर्याय ढोबळमानाने तीन.

झटपट कॅमेरा (इन्स्टॅक्स वगैरे): वीज कमी लागते, फोन-ॲपची कटकट नाही, आणि स्वयंसेवकाकडे प्रत उरतच नाही, हा मोठा गुण. दोष असा की घरच्यांकडेही दुसरी प्रत नसते. मिनी आकारात प्रत्यक्ष चित्र ६२ बाय ४६ मिलिमीटर. त्यात बारा जणांचं कुटुंब उभं केलं की चेहरे तांदळाच्या दाण्याएवढे होतात. एक-दोन माणसांसाठी मिनी, कुटुंबासाठी वाइड. फिल्म साधारण ५ ते ४० अंश सेल्सिअसमध्येच नीट उमटते. थंडीत फोटो बाहेर आला की आतल्या खिशात ठेवा, उन्हाळ्यात फिल्म गाडीत सोडू नका. फोटो हलवून “वाळवू” नका. वाकला तर आतले थर सुटतात आणि डाग पडतात. पॅक संपण्याआधी मागचं झाकण उघडलंत तर उरलेली फिल्म गेली. हे झाकण उघडण्यात लहान मुलं तरबेज असतात. विमानतळावर न वापरलेली फिल्म चेक-इनच्या बॅगेत मुळीच नको, आणि नव्या सीटी स्कॅनरमधूनही नको. हाताने तपासायची विनंती करा.

झिंक (रंग आधीच आत असलेल्या) कागदाचे खिशातले प्रिंटर: वेगळी शाई नाही, हलके, स्वस्त. रंग मात्र बेताचे आणि आकार लहान. पॅकमधला रंग जुळवण्याचा रंगीत कॅलिब्रेशन कागद “कचरा” म्हणून फेकू नका. रंग बिघडण्याचं नेहमीचं कारण तेच. भिंतीवर लावण्याच्या प्रिंटसाठी मी हे सुचवत नाही.

डाय-सब्लिमेशन (थोडक्यात डाय-सब), म्हणजे रिबनवरचा रंग उष्णतेने कागदावर उतरवणारे, कॅननच्या सेल्फी मालिकेसारखे छोटे प्रिंटर: माझ्या मते या कामाला हेच. प्रिंट कोरडाच बाहेर येतो, वर संरक्षक थर असतो, ओला हात लागला तरी रंग पसरत नाही. साध्या इंकजेटचा पावसाळी गावात टिकाव लागणं कठीण.

डाय-सबच्या अडचणी ठरलेल्या आहेत. कागद चार वेळा आत-बाहेर होतो: पिवळा, किरमिजी, निळा, शेवटी थर. पहिल्या फेरीत पिवळं भूत बाहेर आलं की भोवतीची मुलं “झाला” म्हणून ओढतात, आणि रिबन, कागद, कधी प्रिंटरही अडकतो. प्रिंटरच्या पुढे-मागे वीतभर जागा मोकळी ठेवा आणि एक माणूस फक्त राखणीला बसवा. वाऱ्याने कागद हलला तरी रंग सरकतात. धूळ हा दुसरा शत्रू: एक कण रिबनवर बसला की प्रिंटवर पांढरा ठिपका. झाकण असलेल्या डब्यात प्रिंटर ठेवा, रिबन बदलताना तिचा ढिलेपणा चक्र फिरवून काढा, कागदाच्या छापायच्या बाजूला बोट लावू नका. उन्हात ठेवला तर प्रिंटर तापून मध्येच थांबतो. तो बिघडलेला नसतो. सावलीत घ्या, थांबा.

वेळेचा हिशोबही चुकतो. एका पोस्टकार्ड प्रिंटला पाऊण मिनिटाच्या आसपास लागतं, म्हणजे हिशोबाने तासाला ऐंशी. प्रत्यक्षात ट्रेमध्ये १८ कागद मावतात, रिबन ३६ प्रिंटनंतर संपते, निवड करायला वेळ जातो, कुणाचे डोळे मिटलेले निघतात. निम्मे निघाले तरी पुष्कळ. १०८ कागदांचा खोका म्हणजे १०८ कुटुंबं असंही धरू नका. घरटी तीन प्रती लागतात: एक घरची, एक माहेरची किंवा वेगळ्या राहणाऱ्या मुलाची, आणि एक बिघडण्याची.

विजेचं म्हणाल तर यातले अनेक प्रिंटर साध्या पॉवर बँकेच्या ५ व्होल्टवर चालत नाहीत. निर्मात्याची स्वतंत्र बॅटरी घ्या आणि निघण्याआधी ती संपेपर्यंत प्रिंट काढून पाहा. विमानात लिथियम बॅटऱ्या आणि पॉवर बँका हातातल्या सामानातच न्याव्या लागतात. १०० वॉट-तासांपर्यंत सहसा अडचण नसते, त्यापुढे १६० पर्यंत विमान कंपनीची परवानगी लागते. २०,००० एमएएचची ३.७ व्होल्टची पॉवर बँक म्हणजे ७४ वॉट-तास. मोजून घ्या.

आता ज्या तीन गोष्टींवर सगळे अडकतात त्या:

- फोन प्रिंटरच्या वाय-फायला जोडतो, “इंटरनेट नाही” म्हणतो आणि आपणहून सुटतो. मोबाइल डेटा बंद करा किंवा फोन विमान मोडमध्ये टाकून फक्त वाय-फाय चालू करा. ॲप घरीच उतरवून, एकदा उघडून, सगळ्या परवानग्या देऊन ठेवा. गावात गेल्यावर ते अपडेट मागतं.
- मेमरी कार्ड लावलं तरी फोटो दिसत नाहीत. कॅमेरा रॉ किंवा एचईआयएफ प्रकारच्या फाइलमध्ये काढत असेल. प्रिंटरला जेपीईजी फाइल हवी. खरं तर कार्डावरून थेट छापणं हाच सगळ्यात भरवशाचा मार्ग, म्हणून हे आधी जमवा.
- मागच्या रांगेतल्यांची डोकी कापली जातात. फोनचा फोटो ४:३, कागद जवळपास ३:२. आडव्या फोटोची वरची-खालची पट्टी जाते, उभ्याच्या बाजू जातात. बिनकडेच्या छपाईत चारही बाजूंनी आणखी थोडं. फोटो काढतानाच भोवती जागा सोडा किंवा पांढरी कड ठेवून छापा. कडेवर नाव-तारीखही लिहिता येते.

गडद चेहरे काळे पडणं

हा नुसता तांत्रिक दोष समजू नका. रंगीत फिल्मच्या जमान्यात प्रयोगशाळा रंग जुळवायला जे नमुना कार्ड वापरत, ते “शर्ली कार्ड”, त्यावर कित्येक दशकं गोरी बाई असे. कॅमेरे आता सुधारले, पण भर दुपारी, मागे उजळ आकाश, अंगात पांढरा सदरा आणि कॅमेरा ऑटोवर असं असेल तर आजही गडद चेहऱ्याचा नुसता आकार उरतो. छोटा प्रिंटर सावल्या आणखी बुडवतो, त्यामुळे पडद्यावर ठीक दिसलेला फोटो कागदावर फसतो.

माणसांना उन्हातून काढा. दाराच्या चौकटीत किंवा झाडाच्या सावलीत, तोंड मोकळ्या उजेडाकडे करून उभं करा. एक्सपोजर, म्हणजे उजेडाचं माप, चेहऱ्यावर घ्या. जवळून पांढरं कापड धरलं तर डोळ्यांत उजेड येतो. छापण्याआधी फाइल थोडी उजळ करा आणि पहिला प्रिंट चाचणीचा समजा. झटपट कॅमेऱ्याचा फ्लॅश उलटी गंमत करतो: पुढच्याला पांढराफटक करतो आणि मागच्याला अंधारात सोडतो. सगळ्यांना एका ओळीत घ्या. आणि चेहरा उजळ करणं म्हणजे कातडी गोरी करणं नव्हे. फोनमधलं “ब्यूटी” फिल्टर आधी बंद आहे का बघा, अनेक फोनांत ते मुळातच चालू असतं.

चुकीचं प्लास्टिक

प्रिंट दिला की टिकावा म्हणून प्लास्टिकच्या पाकिटात घालायचा, हे ठीक. पण मऊ, वास येणाऱ्या पीव्हीसीच्या पाकिटात डाय-सब प्रिंट ठेवलात तर त्या प्लास्टिकमुळे रंग उतरतात. सेलोटेपचंही तेच. पॉलिप्रॉपिलीन किंवा पॉलिएस्टरची कडक, बिनवासाची पाकिटं घ्या. वजनाला काहीच नाहीत. चिकट पानांचे अल्बम नकोत. गरम लॅमिनेशन इन्स्टॅक्सवर कधीही नको. फ्रेम देत असाल तर प्रिंट आणि काच यांच्यामध्ये कागदी कड ठेवा, चिकटण्याची गोष्ट वर आलीच आहे. मागे लिहायला बॉलपेन दाबून वापरलं की पुढे वळ उठतात. कायम शाईचं मऊ टोकाचं पेन घ्या आणि शाई सुकल्याशिवाय प्रिंट एकावर एक ठेवू नका. ऊन थेट पडत नाही आणि धूर लागत नाही अशी जागा सुचवा, पण जागा निवडणार घरचेच.

“नंतर पाठवतो”

हे वाक्य बोलू नका. तिथे छापता येत नसेल तर फोटोच काढू नका, इतकं कडक मी याबाबतीत आहे. कारण जगातल्या मोठ्या भागात घरपोच टपाल नाही. पत्ता म्हणजे टपालपेटी, शाळा, चर्च किंवा अमक्या वळणावरचं दुकान. मंगोलियाच्या टपाल खात्याने तर २०१६ मध्ये तीन शब्दांच्या संकेताने जागा ओळखण्याची पद्धत स्वीकारली, कारण भटक्या कुटुंबांना रस्त्याचं नाव आणि घर क्रमांक कुठून असणार.

पाठवायचं अटळच असेल तर पाठवण्याची वाट आधी ठरवा: दर महिन्याला शहरात येणारा शिक्षक, आरोग्य केंद्र, ठरलेला गाडीवाला. सगळे प्रिंट एकाच पाकिटात नकोत. कुणाचा फोटो कुठला हे कळावं म्हणून माणसाच्या हातात पाटी देऊन फोटो काढणारे असतात. तो थेट पोलिस ठाण्यातला फोटो दिसतो. पाटीवर क्रमांक लिहून तिचा वेगळा फोटो आधी काढा, मग कुटुंबाचा.

गर्दी, रांग आणि यादी

रांग कोण लावणार, हे तुम्ही ठरवू नका. गावातल्यांना ठरवू द्या. पण किती प्रिंट आहेत हा आकडा आधीच सगळ्यांसमोर खरा सांगा, आणि दहा कागद बाजूला काढून ठेवा. जे घर दूर शेतावर होतं, जी बाई बाळंतीण म्हणून आली नाही, जे कुटुंब गावकुसाबाहेर राहतं, ते शेवटी येतात किंवा येतच नाहीत. त्यांच्याकडे आपण जायचं. एका गावात वीस घरं पूर्ण करणं हे पाच गावांत थोडं थोडं वाटण्यापेक्षा कितीतरी बरं.

परतल्यावरची ढिलाई

घरी आलात की फोनमध्ये चेहरे, नावं, मुलं आणि जागेचे निर्देशांक असं सगळं असतं. प्रसिद्धीची परवानगी मिळालेले फोटो वेगळे काढा, त्यांतला जीपीएस पुसा, उरलेले ठरलेल्या मुदतीत खोडा. काही संस्था दुसरी प्रत गावासाठी जपून ठेवतात. तसं करणार असाल तर गावाला सांगून करा. युरोपातल्या विकास संस्थांच्या ‘कॉनकॉर्ड’ या महासंघाने २००६ मध्ये चित्रं आणि संदेश यांच्याबाबत आचारसंहिता स्वीकारली. फोटोतली माणसं तो बघून काय म्हणतील, हा प्रश्न तिच्या मुळाशी आहे. प्रिंट घेणाऱ्याच्या चेहऱ्यावरचे अश्रू टिपणारा फोटो या प्रश्नावर सहसा नापास होतो.

एक गोष्ट जवळजवळ कुणाच्या लक्षात येत नाही. डाय-सबच्या वापरलेल्या रिबनवर छापलेल्या प्रत्येक फोटोची ठसठशीत उलटी प्रतिमा उरते. उजेडाकडे धरली की चेहरे ओळखू येतात. ती गावात टाकू नका. इन्स्टॅक्सचे रिकामे पॅक, रिबनची काडतुसं, वेष्टनं सगळं परत आणा आणि रिबन कापून टाका.

आणि निघताना प्रिंटर तिथेच ठेवून यायचा मोह होईल. त्याचा कागद आणि रिबन त्या देशात मिळतात का, कुठे, किती दिवसांत, हे विचारल्याशिवाय ठेवू नका. मिळत असतील तर बाजारगावातल्या त्या फोटोग्राफरला द्या, एक भरलेला खोका सोबत द्या, आणि तो घरटी किती पैसे घेणार हे त्याचं त्याला ठरवू द्या.